काळा, पांढरा, तांबडा: उत्तर आयर्लंडच्या कॉजवे किनाऱ्यावरच्या पुळणी

बेलफास्टला राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून एक प्रश्न हमखास येतो : "जायंट्स कॉजवेला एक दिवस पुरेल ना?" समुद्रकाठचे ते दगडी स्तंभ पाहायला पुरेल. सहलीची बस सकाळी निघते, किल्ला दाखवते, झुलता पूल दाखवते, षट्कोनी दगडांवर फोटो काढायला तासभर देते आणि रात्री परत आणून सोडते. पण या किनाऱ्याचा खरा ऐवज म्हणजे इथल्या पुळणी, आणि त्या बसच्या काचेतून मागे पडतात. माझं मत स्पष्ट आहे. तीन रात्री आणि चार दिवस काढा, पश्चिमेकडून पूर्वेकडे या, जमेल तितकं पायी चाला. कुठल्या पुळणीवर पाण्यात उतरायचं आणि कुठे नुसतं बघायचं, हे घरून निघतानाच ठरवा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून लेखात त्याला जास्त जागा दिली आहे.

आधी कागदपत्रं

उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग आहे. इथे पौंड चालतो आणि व्हिसा ब्रिटनचा लागतो. दक्षिणेचं आयर्लंड प्रजासत्ताक हा वेगळा देश, तिथे युरो. दोघांमधल्या सीमेवर फाटक नाही, तपासणी नाका नाही. रस्त्यावरचे वेगमर्यादेचे आकडे मैलांचे किलोमीटर झाले की कळतं, देश बदलला. नाका नाही म्हणून परवानगी लागत नाही असं मात्र समजू नका. भारतीय पासपोर्टधारकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. एका देशाच्या व्हिसावर तशी नोंद असेल तर दुसऱ्या देशातही जाता येतं, पण व्हिसा ज्या देशाने दिला तिथेच आधी उतरावं लागतं. डब्लिनला उतरून वर यायचा विचार असेल तर हे तिकीट काढण्याआधी दोन्ही सरकारांच्या संकेतस्थळांवर ताजं वाचून घ्या, कारण व्हिसाचे नियम बदलत असतात. या फेरफटक्यातल्या पहिल्याच, बेनोनच्या पुळणीवरून समोर दिसणारे डोनेगलचे डोंगर प्रजासत्ताकातले आहेत. फेरीबोटीत बसून पलीकडे जायचा मोह तिथेच होतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं.

डब्लिन विमानतळावरून बेलफास्टला थेट बस आहे, साधारण दोन तास लागतात. बेलफास्टच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरून डेरी शहराकडे जाणारी रेल्वेगाडी पकडायची आणि कोलरेनला उतरायचं. तिथून पोर्टरशसाठी छोटा फाटा आहे. डेरीच्याच गाडीत बसून राहिलात तर पुढचं स्थानक कॅसलरॉक. कोलरेनच्या पुढे बसायला डब्याची उजवी बाजू धरा. कॅसलरॉक सोडलं की गाडी दोन बोगद्यांतून बाहेर पडते आणि एकदम पुळणीच्या काठाने धावू लागते.

आणखी एक. इथल्या बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात. त्या पूर्णपणे खऱ्या असतात, पण लंडनमधला दुकानदार त्या उलटसुलट करून बघत बसतो. निघण्याआधी इथेच संपवा.

केव्हा यायचं

हा किनारा ५५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि त्यानंतरही तासभर उजेड रेंगाळतो. डिसेंबरात दुपारी चारलाच दिवेलागण होते. माझी पसंती मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. दिवस मोठा असतो, शाळांना सुट्टी लागलेली नसते आणि राथलिन बेटावर पफिन पक्षी अजून असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पोर्टरशला गर्दी उसळते. लाटांवर स्वार व्हायला शिकायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले. तेव्हा समुद्र वर्षातल्या सगळ्यात उबदार दिवसांतून नुकताच बाहेर पडलेला असतो आणि अटलांटिकची मोठी लाट यायला लागलेली असते. अर्थात 'उबदार' हा इथला शब्द आहे. भर उन्हाळ्यातही पाणी १४-१५ अंशांच्या पुढे फारसं जात नाही.

पाऊस कधीही येतो आणि तासाभरात जातोही. छत्री आणू नका, वारा ती उलटी करतो. टोपीचं जलरोधक जाकीट, आत एक लोकरी थर, आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट एवढं पुरतं. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे चालायला सांगते ते त्यामुळेच. वारा पाठीवर असला की दहा किलोमीटर सहज होतात. तोच तोंडावर आला की पाच किलोमीटरमध्ये माणूस चिडचिडा होतो.

आधी समुद्र वाचायला शिका

कोकणात वाढलेल्या माणसाला वाटतं, समुद्र आपल्याला ठाऊक आहे. मलाही वाटायचं. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, थंडी. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक उडी घेतली की श्वास आपोआप आत ओढला जातो, धाप लागते आणि हातपाय ऐकेनासे होतात. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पहिला मिनिटभर काही सुचत नाही. म्हणून हळूहळू आत जायचं आणि अंगभर वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख, घालायचा. पोर्टरशला तो भाड्याने मिळतो. चुकून पाण्यात पडलातच तर पोहायचा प्रयत्न आधी करू नका. पाठीवर पडा, डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत तरंगत राहा. १८२४ पासून इथल्या किनाऱ्यांवर जीव वाचवणारी आरएनएलआय ही संस्था प्रत्येक पुळणीवर हेच सांगते : आधी तरंगा.

दुसरी, रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एका अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्रात निघून जातं. तो पट्टा ओळखायची उत्तम शाळा म्हणजे तिसऱ्या दिवशी लागणाऱ्या व्हाइट पार्क बे या पुळणीच्या वरची पायवाट. खाली उतरण्याआधी पाच मिनिटं तिथे उभं राहा. डावी-उजवीकडे पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मध्येच एक गडद, शांत पट्टी दिसते. लाट तिथे फुटत नाही, त्यामुळे नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. आता नीट बघा : त्या पट्टीवरचा फेस किनाऱ्याकडे येत नसतो, बाहेर चाललेला असतो. मधूनच गढूळ वाळू उसळते. शेवाळाचा एखादा तुकडा बघता बघता शंभर पावलं आत जातो. हीच ती ओढ. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहा आणि लाटा फुटताना दिसतील तिथून परत फिरा. पोहणं जमत नसेल तर तरंगत राहा, हात वर करा, ओरडा. किनाऱ्यावरच्या माणसाने ९९९ किंवा ११२ लावून 'कोस्टगार्ड' मागायचा. मदतीला स्वतः उडी मारायची नाही.

उन्हाळ्यात बेनोन, डाउनहिल, कॅसलरॉक, पोर्टस्ट्युअर्ट, पोर्टरशच्या पुळणी आणि व्हाइटरॉक्स इथे जीवरक्षक असतात. वर लाल खाली पिवळा, अशा दोन बावट्यांच्या मधोमध पोहायचं. काळ्या-पांढऱ्या चौकटीचे बावटे फळी घेऊन लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी. नुसता लाल बावटा म्हणजे पाण्यात पाय घालायचा नाही. त्यांची कामाची वेळ पुळणीवरच्या फलकावर असते, ती संपली की आपणही बाहेर.

पाण्याच्या शुद्धतेचाही फलक असतो. १ जून ते १५ सप्टेंबर हा इथला अधिकृत स्नानाचा हंगाम, त्या काळात पाण्याचे नमुने तपासले जातात. २०२३ च्या उन्हाळ्यात लॉक नेय या मोठ्या सरोवरातलं विषारी निळं-हिरवं शेवाळ बॅन नदीतून वाहत येऊन कॅसलरॉक आणि पोर्टस्ट्युअर्टच्या पुळणींपर्यंत पोहोचलं होतं आणि पोहण्यावर बंदी आली होती. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर मुलांना लांब ठेवा. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तांबूस रंगाचे, झिपरे, भलेमोठे जेलीफिश वाळूवर पडलेले दिसतात. त्यांना लायन्स मेन म्हणतात. मेलेलाही डंख मारतो. चावलं तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. तंतू चिमट्याने काढा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा.

भरती-ओहोटीचा फरक इथे आपल्या मानाने कमी, दोन मीटरच्या आसपास. पण कड्यांच्या पायथ्याशी वाट इतकी अरुंद असते की तेवढंही पुरतं. वेळापत्रक रोज सकाळी बघायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे उधाण असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पहिला दिवस : बेनोन, डाउनहिल, कॅसलरॉक

बेनोन म्हणजे लांबीचा अर्थ कळायची जागा. मॅगिलिगनच्या टोकापासून डाउनहिलपर्यंत साधारण ११ किलोमीटर सलग वाळू, मागे बिनेव्हेनाचा ३८५ मीटर उंच काळा कडा, समोर डोनेगल. टोकाच्या बाजूला लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे. तिकडे इशाऱ्याचे लाल बावटे दिसले तर मागे फिरा. भारतीय माणसाने इथे एक गोष्ट आठवावी. हा किनारी प्रदेश इतका सपाट आहे की आयर्लंडच्या नकाशासाठी पहिली पायारेषा, म्हणजे पुढची सगळी मोजमापं जिच्यावर उभी राहतात ती रेषा, याच परिसरात १८२७-२८ मध्ये मोजली गेली. तापमानाने लांबी बदलू नये म्हणून ब्रिटिश सर्वेक्षक थॉमस कोल्बी याने पितळ आणि लोखंडाच्या जोडपट्ट्या बनवल्या होत्या. त्याच पद्धतीच्या पट्ट्या पुढे जॉर्ज एव्हरेस्टने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात वापरल्या. हिमालयाची उंची मोजणाऱ्या सर्वेक्षणाचा एक धागा या वाळूत आहे, हे कळल्यापासून मी तिथे चालताना जरा हळू चालते.

गाडी असेल तर बिनेव्हेनाच्या खांद्यावर गॉर्टमोर नावाची जागा आहे, तिथे जा. मॅननान मॅक लिर या समुद्रदेवाचा पुतळा दोन्ही हात पसरून उभा आहे आणि अख्खी पुळण खाली दिसते. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी गेलात तर ओल्या वाळूवर आकाश उतरलेलं असतं.

बसगाड्या आणि ट्रेनने फिरणाऱ्यांनी मात्र कॅसलरॉकपासून सुरुवात करावी. स्थानकातून बाहेर पडलं की पाच-दहा मिनिटांत समुद्र. पश्चिमेकडे चालत निघालात तर साधारण अर्ध्या तासात डाउनहिलचा परिसर लागतो. डेरीचा बिशप फ्रेडरिक हर्वी याने तिथे मोठा वाडा बांधला होता, त्याच्या भिंती तेवढ्या उरल्यात. कड्याच्या अगदी काठावरची गोल घुमटाची इमारत मात्र शाबूत आहे. ते मसेंडन टेंपल, १७८५ चं. नाव टेंपल असलं तरी मंदिर नाही, उन्हाळ्यात बसून वाचायचं ग्रंथालय होतं. बांधलं तेव्हा कडा लांब होता. समुद्र दगड खात खात जवळ आला, तेव्हा १९९७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेने कडा बळकट करून घेतला. पायाखालच्या बोगद्यातून ट्रेन जाते. कड्याच्या काठाला कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका.

कॅसलरॉकच्या पूर्वेला बॅन नदीचं मुख आहे, त्याला बारमाउथ म्हणतात. पलीकडे पोर्टस्ट्युअर्टची पुळण इतकी जवळ दिसते की हाक मारावी. नकाशात बघून पुष्कळ लोक पायी निघतात. पूल नाही, होडी नाही, आणि नदीच्या मुखाशी ओढ भयंकर. कोलरेनवरून वळसा घालूनच जावं लागतं, ते दुसऱ्या दिवसावर टाका.

दुसरा दिवस : पोर्टस्ट्युअर्ट ते व्हाइटरॉक्स

पोर्टस्ट्युअर्ट स्ट्रँड साधारण तीन किलोमीटरची, फिकट सोनेरी, आणि मागे वाळूच्या उंच टेकड्या. नॅशनल ट्रस्टची ही पुळण अशी की तिच्यावर थेट गाडी नेता येते. हंगामात त्याचे पैसे पडतात, सदस्यांना पडत नाहीत, आणि जागा भरली की फाटक बंद होतं. चालायला त्रास होणाऱ्या वडीलधाऱ्यांना समुद्राजवळ न्यायला यापेक्षा चांगली सोय या किनाऱ्यावर नाही.

पण गाडी ओल्या, घट्ट वाळूवरच ठेवा. पहिल्याच वर्षी मी सावली आणि आडोसा बघून टेकड्यांच्या बाजूला गेले आणि मागची चाकं कोरड्या वाळूत रुतली. मी जोर देत गेले तशी ती आणखी खाली गेली. शेजारच्या कुटुंबातल्या आजोबांनी खिडकीवर टकटक केलं आणि इंजीन बंद करायला सांगितलं. त्यांनी हाताने चाकांपुढची वाळू बाजूला केली, पायपुसणी चाकांखाली सरकवली आणि मला दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू क्लच सोडायला लावला. गाडी निघाली. तेव्हापासून माझ्या डिकीत दोन जुन्या सतरंज्या असतात. गाड्या बाहेर काढायची वेळ फाटकावर लिहिलेली असते आणि भरती त्याआधीही येऊ शकते, हे दोन्ही ध्यानात ठेवून जागा निवडा.

टेकड्यांमधून चालायचं तर आखलेल्या वाटेनेच. त्यांच्यावर उगवणारं ताठ, टोकदार मॅरम गवत हीच त्यांची मोट. मुळं वाळूला धरून ठेवतात. माणसांच्या पायांनी गवत मेलं की वारा तिथून टेकडी उघडी पाडायला लागतो. मुलांना उतारावरून घसरगुंडी खेळायचा मोह होतो, तिथे ठाम राहा.

पोर्टरश हे समुद्रात घुसलेल्या भूशिरावरचं गाव. एका बाजूला वेस्ट स्ट्रँड, दुसऱ्या बाजूला ईस्ट स्ट्रँड. वारा एका बाजूने झोंबत असेल तर गाव ओलांडून दुसरीकडे जायचं, दहा मिनिटांची गोष्ट. लाटांवर फळी शिकवणारे वर्ग इथेच आहेत. मुक्कामही इथेच करा : स्थानक आहे, बस आहे, खायला भरपूर आहे.

संध्याकाळी पाच-सहाला ईस्ट स्ट्रँडवरून पूर्वेकडे चालायला लागा. डाव्या हाताला समुद्र आणि स्केरीज नावाची छोटी बेटं, उजव्या हाताला वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामागे १९५१, २०१९ आणि २०२५ ची ओपन स्पर्धा भरलेलं रॉयल पोर्टरश गोल्फ मैदान. पाऊण तासाच्या चालीनंतर वाळू संपते आणि समोर पांढरे कडे उभे राहतात. हेच व्हाइटरॉक्स. चुनखडीत लाटांनी गुहा आणि कमानी कोरल्या आहेत, त्यांना हत्ती, सिंहाचा पंजा अशी नावं आहेत. पायथ्याशी जाऊन दगड जवळून बघा. पांढऱ्या दगडात काळे-करडे गोटे बसवल्यासारखे दिसतात, ते गारगोटीच्या जातीचे चकमक दगड. उत्तराभिमुख किनारा असूनही जूनच्या रात्री सूर्य इतक्या उत्तरेला मावळतो की कड्यांवर शेवटचं ऊन येतं. भरती चढत असेल तर गुहांत शिरू नका, आणि कड्याखाली सतरंजी पसरू नका, दगड सुटतात. गाडीवाल्यांनी पुढे मॅगराक्रॉसच्या थांब्यावर उतरावं. एका बाजूला पांढरे कडे, दुसऱ्या बाजूला काळ्या खडकावरचा डनलूस किल्ला, दोन्ही एकाच नजरेत बसतात.

तिसरा दिवस : काळे दगड, तांबडा पट्टा, पांढरी पुळण

कोलरेन, पोर्टरश, जायंट्स कॉजवे, बॅलिन्टॉय, बॅलिकॅसल हा टप्पा १७२ क्रमांकाची बस जोडते. रविवारी फेऱ्या कमी असतात. कॉजवेला सकाळी लवकर पोहोचा. स्वागतकेंद्र आणि वाहनतळाचे पैसे असतात. दगडांपर्यंत जायची सार्वजनिक वाट मोफत आहे. १९८६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, सुमारे ४० हजार स्तंभ आहेत, हे सगळं फलकावर वाचालच. मी सांगते ते थोडं पुढचं.

गेल्या वर्षी बाबा आले होते. स्तंभांवर ते फार रमले नाहीत. म्हणाले, काळा पाषाण आहे, आपल्याकडे अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे की असाच. खरंच आहे, तोही बेसाल्टच. तिथला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला ६ कोटींचा. मी त्यांना घेऊन स्तंभांच्या पुढे कड्याखालच्या वाटेने चालत राहिले. वळणावर कड्यात काळ्याच्या मध्ये एक तांबडा पट्टा दिसू लागला आणि वाटेच्या कडेलाच तो हाताशी आला. बाबा थांबले. चष्मा वर केला, अंगठ्याने दगड घासला, बोटाला लागलेली लाल भुकटी बघितली आणि म्हणाले, "अगं, हा जांभा!" मी हो म्हणाले. दोन लाव्ह्यांच्या लोटांमध्ये फार मोठा काळ गेला, तेव्हा इथली हवा उष्ण आणि दमट होती आणि पावसाने बेसाल्ट कुजून त्याचा जांभा झाला, असं मी वाचलं होतं ते त्यांना सांगितलं. रत्नागिरीच्या घराच्या भिंतीला हात लावावा तसा त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तेव्हापासून मी पाहुण्यांना कॉजवेला या तांबड्या पट्ट्यापर्यंत नेल्याशिवाय परत आणत नाही. दगड मात्र खरवडून खिशात घालू नका, संरक्षित आहे.

कॉजवेच्या अलीकडे पोर्टबॅलिन्ट्रेपासून रंकेरीची पुळण आहे. देखणी, पण ओढ वाईट. चालायला घ्या, पोहायला नाही. कॉजवेच्या पुढे लकाडा पॉइंटजवळ १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं जिरोना जहाज फुटलं. १९६७ मध्ये पाणबुड्यांना त्याचा माग लागला आणि सोन्याचे दागिने वर आले. ते बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहेत, परतीच्या दिवशी नक्की बघा. माणकं जडवलेली, पालीसारखी दिसणारी इवलीशी सोन्याची सॅलमँडर माझी आवडती.

मग व्हाइट पार्क बे. एकच पुळण बघायची असेल तर ही. १९३९ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे, म्हणून वर एकही हॉटेल दिसत नाही. पांढऱ्या कड्यांच्या चंद्रकोरीत वाळू, मध्ये गवताळ उतार, आणि वाळूवर खुशाल रवंथ करत बसलेल्या गाई. त्या ट्रस्टच्या व्यवस्थेचाच भाग आहेत, चरण्याने रानफुलांना जागा राहते. गाईबरोबर वासरू असेल तर लांबून जा. कोरड्या वाळूत टाच घासत चाला, वाळू चुईं आवाज करते. टेकड्यांमध्ये नवाश्मयुगीन वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. पाण्यात उतरू नका. जीवरक्षक नाही आणि वर वर्णन केलेली ओढ हीच. मी इथे घोट्याच्या वर कधी गेले नाही.

ओहोटी असेल तर पूर्वेच्या टोकाचे खडक पार करून पायी बॅलिन्टॉय बंदराला जाता येतं. भरतीत ही वाट बंद होते, म्हणून ओहोटीच्या वेळेच्या आधी तासभर निघा, नंतर नको. बॅलिन्टॉयला गाडीने उतरायचा रस्ता नागमोडी आणि अरुंद आहे. एका गाजलेल्या मालिकेचं चित्रीकरण झाल्यापासून तिथे दुपारी गाडी वळवायला जागा नसते. वरच ठेवून चालत उतरा. कॅरिक-अ-रीडचा २० मीटर लांबीचा झुलता पूल हवा असेल तर वेळ आधी आरक्षित करा, जोराच्या वाऱ्यात तो बंद ठेवतात.

चौथा दिवस : बॅलिकॅसल आणि मर्लॉक

बॅलिकॅसलची पुळण गावाची आहे. मुलं, कुत्री, आइस्क्रीम. पूर्वेच्या टोकाला फेअर हेडचा सरळसोट कडा दिसतो, सुमारे १९६ मीटरचा. समोरच्या राथलिन बेटावर इथून फेरी जाते. १८९८ मध्ये मार्कोनीच्या माणसांनी बेट आणि गाव यांच्यामध्ये बिनतारी संदेश पाठवले होते. पफिन बघायचे तर एप्रिल ते जुलै, बेटाच्या पश्चिम टोकाला. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवार-मंगळवारी गावात ओल्ड लॅमस जत्रा भरते. 'यलोमॅन' ही पिवळी, जाळीदार, दातांना चिकटणारी टॉफी आणि 'डल्स' हे वाळवलेलं तांबूस समुद्रशेवाळ तेव्हा घ्या. डल्स पहिल्या घासाला नुसतं खारट लागतं, तिसऱ्याला सोडवत नाही.

मर्लॉक बेला बस जात नाही. गाडी वरच्या वाहनतळावर ठेवा आणि चालत उतरा. उतार तीव्र आहे, चढताना दम लागतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघावं. खाली मोठी पुळण नाही. दगडगोटे, थोडी वाळू, वळलेली झाडं, काळ्या कड्याखाली पांढरा दगड. हवा स्वच्छ असली की समोर स्कॉटलंडचं किनटायर इतकं स्पष्ट दिसतं की त्याच्यावरची शेतं मोजावीत. इथेही पोहायचं नाही, प्रवाह जोराचा आहे. थर्मासमधला चहा वाऱ्याच्या आडोशाला बसून प्या. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा खाली उतरण्याआधीच वरून कुणाला तरी कळवा की कुठे आहोत आणि किती वाजता परत चढू.